हर्षालीचं पहिलं ‘नाही’

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये हर्षाली राहते. अख्ख्या इंदिरानगरात तिच्याइतकी गोड मुलगी सापडायची नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाहीये. इतक्या गोड माणसाचे फार हाल होतात. तिचा नवरा शेखर अंबडला कंपनीत आहे, तोही तसाच. दोघांना मिळून एक ‘नाही’ म्हणता येत नाही.

नाशिकात घर असणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. वर्षभर फोन न करणारे नातेवाईक दिवाळीची सुट्टी लागली की त्र्यंबकेश्वराच्या ओढीने व्याकूळ होतात. देव त्र्यंबकला, पण चहा, अंघोळ, जेवण आणि गाडी आमच्या मजल्यावर. गाडी हर्षालीच चालवते, कारण शेखरला अजून धड रिव्हर्स घेता येत नाही. ही मंडळी ‘येऊ का’ असं विचारतही नाहीत, ‘शनिवारी निघतोय’ असं नुसतं कळवतात. आणि ही म्हणते, या ना, घर तुमचंच आहे. लोक ते खरं धरून चालतात.

मला राग आला तो मागच्या वर्षीच्या भाऊबीजेला. तिचा धाकटा भाऊ रविराज मनमाडला रेल्वेत आहे. आई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे तोच एकटा, लग्न व्हायचंय अजून त्याचं. दोन ड्युट्यांच्या मधली फट साधून तो ओवाळून घ्यायला आला, आणि ही शेखरच्या चुलतभावाच्या बिऱ्हाडाला घेऊन त्र्यंबकच्या रांगेत. बारापर्यंत परत येते म्हणून पहाटेच गेलेली, पण रांग हलेना. पोरगा दीड तास माझ्याकडे बसला, चिवडा खाल्ला, ताईला सांगा येऊन गेलो म्हणाला आणि गाडी पकडायला निघून गेला. हर्षालीने सकाळी निघतानाच ओवाळणीचं ताट सजवून ठेवलं होतं. संध्याकाळी ती त्यातलं निरांजन नुसतंच उचलून ठेवायला लागली, तेव्हा मला बघवेना.

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलंय. भल्याभल्यांना पाढे पाठ करायला लावले, तर हिला एक शब्द शिकवणं काय अवघड, असं मला वाटलं. यंदा रविराजला भाऊबीजेला दुपारी चारची ड्युटी होती, परतीच्या गाडीचा भरवसा नाही म्हणून तो नाशिकला येणार नव्हता. म्हणजे हिनेच सकाळच्या गाडीने मनमाडला जायचं. दसऱ्यापासून मी शिकवणी सुरू केली. थेट नाही म्हणवत नसेल तर कारण सांग, म्हटलं. कारणं मी पुरवत होते.

पहिलं कारण पाण्याचं. सोसायटीची टाकी साफ करतायत, घरात थेंब नाही, असं तिने शेखरच्या मामांना सांगितलं. मल्हारीमामा म्हणाले, उत्तमच, आम्ही रामकुंडावर अंघोळ करून येतो, तेवढंच पुण्य. दुसऱ्यांदा गाडी गॅरेजमध्ये असल्याचं सांगितलं, तर पाहुणे सात सीटची गाडी करून आले आणि त्यात नऊजण होते. मग मी हुकमी पान काढलं. म्हटलं, तापाने फणफणलेय असं सांग. शेखरच्या मंगलाआत्यांनी ते ऐकलं मात्र, दुसऱ्याच दिवशी काढ्याचा पुडा आणि दोन नातवंडं घेऊन त्या संगमनेरहून हिची सेवा करायला दाखल झाल्या. धडधाकट हर्षाली दोन दिवस काढा पीत होती. तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाल्या, तुला आता बरं वाटतंय तर त्र्यंबकला जाऊन येऊ.

मी कपाळाला हात लावला. शेखरला मात्र याचं काहीच वाटत नव्हतं, आपलीच माणसं आहेत म्हणायचा. हर्षाली हसायची, पण तिचा चेहरा उतरलेला असायचा. एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना ती म्हणाली, यंदाही गेले नाही तर रवी काही बोलणार नाही, आणि तेच मला सहन होणार नाही. मी तिला धीर दिला. मी आहे ना, म्हटलं.

पाडव्याला सकाळी मंगलाआत्या आपल्या भावाकडे निफाडला गेल्या. मैदान मोकळं झालं म्हणून मी निर्धास्त होते, तेवढ्यात दुपारी आमच्या मुलाचा, राकेशचा पुण्याहून फोन आला. त्याचं लग्न ठरलंय. मुलीचे आईवडील धुळ्याहून पुण्याला निघालेत, आज रात्री वाटेत आपल्याकडे उतरतील, उद्या त्यांना त्र्यंबकचं दर्शन घडव, म्हणाला. होणारे व्याही पहिल्यांदाच येणार, त्यांना भाड्याच्या गाडीत कसं बसवायचं? मी तडक समोरची बेल वाजवली.

हर्षाली बॅग भरत होती. मी सगळं नीट आखून गेले होते. उद्या तू मनमाडला जाणार हे मला ठाऊक आहे, म्हटलं, पण त्याची ड्युटी चारची आहे. तू आठला आम्हाला त्र्यंबकला सोड, रांगेत आम्ही उभे राहू. तू परत ये आणि अकराच्या गाडीने जा. निवांत पोचशील.

ती बॅगेची चेन लावत होती ती थांबली.

“काकू, नाही जमणार.”

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते येईना. म्हणून मीच विचारलं, “का गं?”

“कारण विचारू नका. सांगितलं तर तुम्ही त्याच्यावर उपाय काढाल, आणि मग मला यावं लागेल.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. इतकं केलं हिच्यासाठी, आणि नाही म्हणायला हिला मीच सापडले? मी घरी आले आणि दार जरा जोरातच लावलं. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने व्याह्यांना त्र्यंबकला नेलं. त्यांनी गाडी कोणाची हे विचारलंसुद्धा नाही. रांगेत साडेचार तास मी मनातल्या मनात हर्षालीशी भांडत होते.

संध्याकाळी ती आली, मनमाडहून आणलेले पेढे घेऊन. चेहरा असा फुललेला की मला माझा रुसवा आवरता घ्यावा लागला. झाली का भाऊबीज, मी विचारलं.

“झाली हो. पण थोडक्यात निभावलं. साडेनऊला पोचले तर हा युनिफॉर्म चढवून दारात. कोणीतरी आजारी पडलं म्हणून याला दहालाच बोलावलेलं. घाईघाईत ओवाळलं, माझ्या हातचा लाडू तोंडात घालूनच पळाला.”

ती सहज सांगत होती. अकराच्या गाडीचं तिच्या मनातही नव्हतं. माझ्या मात्र हातातला पेढा हातातच राहिला.

“बरं केलंस काल मला नाही म्हणालीस,” मी म्हटलं.

“सगळ्या पाहुण्यांना म्हणाले असते एक वेळ,” ती म्हणाली. “तुम्हाला म्हणाल्यावर मात्र ती बॅगेची चेन लावायला मला अर्धा तास लागला, काकू.”