बोअरच्या पाण्याची बाटली

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. मी कारकून आहे त्या नगरपंचायतीच्या सांडपाणी केंद्रातून तपासणीसाठी जी बाटली गेली, तिच्यात केंद्राचं पाणी नव्हतंच. ती मी आवारातल्या बोअरच्या नळाखाली भरली होती.

पण आधी तो माणूस. केंद्राचा ऑपरेटर. ढिवरांपैकी; अर्धं आयुष्य तलावात जाळं टाकण्यात गेलेलं. टाकीत बोट बुडवायचा, नाकाशी न्यायचा आणि म्हणायचा, "वास घ्या, बाबूजी. कागद मंग पाहू." तुमच्याही ओळखीत दूध हुंगून चहा ठेवणारा कोणीतरी असेल. हा सांडपाणी हुंगायचा, एवढाच फरक.

पाहणीला येणारे आमचे साहेब नाकाला रुमाल लावून 'छान, छान' म्हणत. हा शांतपणे विचारायचा, "नाक बांधून काय समजून राहिलं, साहेब?" साहेब हसत. मीही हसे, साहेब हसले की.

पाण्यातली घाण खाणाऱ्या जंतूंना तो 'माह्या बकऱ्या' म्हणे. टाकीत हवा सोडणारं यंत्र बंद पडलं, तेव्हा रोज ऑफिसात येऊन माझ्या टेबलापुढे उभा राहायचा.

"बकऱ्या मरून राहिल्या, बाबूजी. काऊन कोणी येत नाही?"

फाइल वर गेली आहे, असं मी सांगायचो. फाइल माझ्याच कोपराखाली असायची.

नमुन्याचा दिवस आला. बाहेर पडणारं पाणी काळं, पायऱ्या शेवाळलेल्या. कोणी दबाव आणला असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. खरं सांगतो, माझी पँट नवी होती. बोअर दहा पावलांवर होता. बाटली मी तिथंच भरली. ऑपरेटर बाजूला उभा राहून पाहत होता. म्हणाला, "आता त्याचा वास नाही येणार."

अहवाल इतका सुंदर आला की चौकात फलक लागला. साहेबांच्या गळ्यात हार. माझ्याही हातात सत्काराचा नारळ.

आठवडाभरात तलावातले मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. केंद्राचं पाणी त्याच तलावात जातं. मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला तलाव, ढिवरांच्या मासेमारी सोसायटीची पोटं त्याच्यावर. चौकशी बसली. पाणी तर कागदावर स्वच्छ. मग मासे मेले कसे? उत्तर साहेबांनीच काढलं. ऑपरेटरने झोपेत कच्चं, शुद्ध न केलेलं पाणी सोडलं.

तो एवढंच बोलला, "बाटली कुठं भरली, बाबूजीले विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. पंखा फिरत होता. मी म्हणालो, "नमुना बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच आहे."

त्याने मान हलवली, जणू माझ्याकडून दुसरं काही अपेक्षित नव्हतं.

नोकरी गेली ते तो सोसून गेला असता. पण मासे यानेच मारले, असं सोसायटीच्या लोकांनी धरलं. ज्यांच्यासोबत वाढला, त्यांनीच त्याची जाळं टाकायची पाळी काढून घेतली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तो दिसताच सख्ख्या भावाने वाट बदलली.

तो तिरोड्याला मुलीकडे निघाला, तेव्हा मी एसटी स्टँडवर गेलो. का, ते विचारू नका. प्रवासासाठी पाण्याची बाटली पुढे केली. त्याने झाकण उघडलं, नाकाशी नेली.

"बोअरचं आहे," म्हणाला, आणि न पिता परत दिली.

यंत्र नंतर दुरुस्त झालं. नवा ऑपरेटर हुशार आहे. तो टाकीत बोट घालत नाही. नमुन्याच्या दिवशी मला पायऱ्यांपर्यंतसुद्धा येऊ देत नाही. म्हणतो, "तुम्ही कायले त्रास घेता, बाबूजी? मी आणतो भरून." मी आणू देतो.

तलावाच्या पाळीवर, त्याच्या भावासमोर आणि सोसायटीच्या सगळ्या लोकांसमोर उभं राहून, ती बाटली मी बोअरवर भरली होती, हे मला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.