खालची दुर्बीण

आमच्या घरात वाढदिवसाला काय हवं असं विचारायची पद्धत नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवशी मी बायकोला विचारलं होतं, तर ती म्हणाली, "विचारून आणलं तर ती भेट नाही, ते सामान." त्यातून मग एक मधला मार्ग निघाला. दोघांची मिळून एकच यादी. ज्याला जे हवंसं वाटेल ते त्यानं त्यात लिहायचं, पण कोणाला हवंय ते लिहायचं नाही. वाढदिवस आला की दुसऱ्यानं ओळखून आणायचं आणि आणलेलं खोडायचं.

माझी बँकेची नोकरी. गावं बदलत शेवटची बदली कोलकात्याला झाली आणि निवृत्तीनंतर तिथेच, बेहाला भागात फ्लॅट घेऊन आम्ही राहिलो. यादी आधी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानांवर असायची, नंतर फोनमध्ये गेली. मला ते फोनमधलं जमेना, म्हणून तिनं माझ्या फोनवरही स्वतःचंच खातं उघडून दिलं. त्यामुळे मी लिहिलेलंसुद्धा तिनंच लिहिल्यासारखं दिसतं.

ती गेल्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून यादीत मी काही लिहिलेलं नाही, काही खोडलेलंही नाही. नुसती उघडून वाचतो. जलरंगांची लहान पेटी, प्रवासात नेता येईल अशी. नकाशे कसे काढत गेले त्याचं एखादं पुस्तक. दीपगृहात राहणाऱ्या माणसाचा तो सिनेमा. न पुसली जाणारी काळी शाई. विणकामाच्या बांबूच्या सुया, बारीक. दुर्बीण, हलकी. शाई माझी आणि सुया तिच्या, इतपत कळतं. पुढे मी अडतो. जलरंग माझे नाहीत, पण तिच्याही हातात मी कधी ब्रश पाहिलेला नाही. तो सिनेमा कुठला ते मला आठवत नाही, तरी तो मीच लिहिला असणार असं वाटतं, कारण अर्धवट लिहून ठेवायची सवय माझी.

घोटाळे पूर्वीही व्हायचे. एका वर्षी तिनं मला बुद्धिबळाचा शिसवी पट आणला. मी तो यादीत वाचून तिच्यासाठी शोधत होतो. आता तिनं एवढ्या हौसेनं आणलाय म्हटल्यावर मी काही बोललो नाही. खेळायला शिकलो, तीही शिकली, रविवारी दुपारी आम्ही डाव मांडू लागलो. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर एकदा सहज म्हणाली, "तो चेसबोर्ड तर मी लिहिलेला. शाळेत असताना."

"अगं, मग तेव्हाच बोलायचं ना!"

"कसं बोलणार? तुम्ही दोघं किती सिरियसली बसायचात!"

परवा मुलीचाच फोन आला.

"बाबा, तुझा बर्थडे आला. आईनं मलाही लिस्ट दिलेली, त्यातलं काहीतरी पाठवते. तुझं कुठलं ते सांग."

"सांगायचं नसतं. ओळखायचं असतं."

"ते आई ओळखायची. माझी परीक्षा नको घेऊ. दुर्बीण पाठवू? आई म्हणायची, बाबाला दुर्बीण पाहिजे."

दुर्बीण मी लिहिलेली नव्हती. मी ती इतके दिवस बायकोची समजत होतो. संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली की ती घारी बघत उभी राहायची, खाली चहा निवून जायचा. मागच्या वाढदिवसाला मी तिला दुर्बीणच आणणार होतो, पण तोवर हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या.

"बाबा? आहेस ना?"

"दोन दिवस थांब," मी म्हणालो.

मग आठवत बसलो. हावड्याला गाडीतून उतरून आम्ही एकदा लाँचनं परतत होतो. नदीतल्या खांबावर काळा पक्षी पंख पसरून बसला होता. मी म्हणालो होतो, "पाणकावळाच आहे ना तो? इथून नीट दिसत नाही." ती "हं" म्हणाली होती. त्यानंतर तिनं पर्समधून फोन काढला होता का? काढला असं मला आता दिसतं, पण ते मी पाहिलेलं आहे की आता रचलेलं, हे सांगता येत नाही. काढला असेल तर दुर्बीण तिनं माझ्यासाठी लिहिली, आणि ती मी घ्यायलाच हवी. नसेल काढला तर ती तिची इच्छा. ती माझ्या नावानं कशी खोडू?

दुसऱ्या दिवशी बसनं एस्प्लनेडच्या बाजारात गेलो. दुर्बीण घ्यायची नव्हती, हातात धरून बघायची होती. दुकानदार माझ्याच वयाचा. त्यानं विचारलं, "किसके लिए, दादा?"

मी म्हणालो, "घर के लिए."

"घर का तो आँख नहीं होता, दादा," तो हसला. "जिसका आँख, उसका सेटिंग."

डोळ्यांना लावली तर दोन वेगवेगळी वर्तुळं दिसली. दोन्हींत समोरच्या इमारतीचाच अर्धवट तुकडा. त्यानं दोन्ही नळ्या जवळ दाबायला सांगितलं. दाबता दाबता वर्तुळं एकमेकांवर सरकली आणि कठड्यावर बसलेली घार एकदम समोर आली. तिनं मान वळवली. डोळा पिवळसर तपकिरी. मी बराच वेळ बघत राहिलो. मला आवडलं. तिला आवडलं असतं म्हणून आवडलं, की माझं मलाच, ते तेव्हा ठरलं नाही आणि अजूनही ठरलेलं नाही. दुर्बीण परत दिली. नळ्यांमधलं अंतर दुकानदारानं पुन्हा पहिल्यासारखं करून ठेवलं.

परतताना बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. फोन काढला, यादी उघडली आणि सगळ्यात खाली एक ओळ लिहिली. बोटं मोठी, अक्षरं चुकत होती, माझा स्टॉप येईपर्यंत तेवढीच झाली.

संध्याकाळी मुलीचा फोन.

"बाबा, लिस्टमध्ये दुर्बीण दोनदा आलीये. तुझ्याकडून चुकून झालं का? एक काढून टाकते."

"नको. दोन्ही राहू देत."

"अरे, मग पाठवू कुठली?"

"खालची," मी म्हणालो. "आणि खोडशील तेव्हाही खालचीच खोड."

ती म्हणाली, "बाबा, तू सांगितलंस. आई असती तर ओरडली असती."

"हो," मी म्हणालो. "सामान म्हणाली असती."