लाल पत्रे, हिरवी माळवदं

आमचं गाव लातूरकडचं. भूकंपात दगडमातीचं घर बसलं, तेव्हा वडिलांनी शेतात पत्र्याची खोली ठोकली आणि घराच्या उरलेल्या भागात कडबा भरला. "पत्र्यानं खोक पडंल, जीव जायचा न्हाई," ते म्हणायचे. त्या खोलीत उन्हाळाभर भाजून निघत मी लातूरच्या क्लासचा अभ्यास केला. आता नांदेडला स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते.

परवा हवामानबदलाचे एक तज्ज्ञ प्राध्यापक आमच्या कॉलेजात आले. त्यांच्या एआयनं उपग्रहाच्या फोटोंवरून उन्हाळ्यात राहण्याजोगी घरं निवडली होती. नकाशावर पत्रे लाल, मातीची जाड सपाट छपरं, म्हणजे आमची माळवदं, हिरवी. लालमधली माणसं हिरव्यात हलवा, अशी शिफारस होती. स्थापत्याची तज्ज्ञ म्हणून त्यावर माझी सही तेवढी राहिली होती.

माझं डोकंच फिरलं. "हिरव्यात आम्ही कडबा ठेवतो," मी म्हटलं. "माणसं लालमध्येच झोपतात. कितीही उकडलं तरी."

"मॅडम, मॉडेल हजारो घरांवर शिकलंय."

मी पेनाला टोपण लावलं.

"मी एकाच घरावर शिकले, सर. त्याच्या माळवदाखाली माझी बहीण गेली."