वर माणूस आहे

कुलूप काढायला या, असा फोन आला तेव्हा दादाला जाऊन पाच आठवडे झाले होते. फोन पाटलांचा, बेळगावकडच्या माळावर पवनचक्क्यांच्या कामात दादाचे जोडीदार. "साहेब म्हणत्यात कापा. पर ताई, आमचा हात धजत न्हाई."

माझा थोरला भाऊ दत्ता आमच्या पाळी गावातल्या खाणीवर मेकॅनिक होता. खाण बंद पडली आणि तो घाट चढून पवनचक्क्यांवर गेला. जन्मभर डोंगर पोखरले, आता वाऱ्याला कामाला लावतो, म्हणायचा. सुट्टीला आला की माझं डोकं खायचा. "बाय, थंय एक पंखो रावलो म्हणजे खंय तरी तितलो कोळसो जळटा." चक्की थांबली की कोळसा जळतो, हे सांगायचा ते माझ्या डोक्यावरचा पंखा बंद करूनच.

चक्कीत शिरण्याआधी प्रत्येकाने तिच्या खटक्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, असा तिथला नियम. "वयर मनीस आसा म्हणून कुलूप आसा," दादा सांगायचा. दुसऱ्याच्या कुलपाला कोणी हात लावत नाही. काढण्याआधी वर तोंड करून तीनदा हाक मारायची. आत कोणी असेल तर तो पान्याने शिडीवर दोन ठोके देतो. शेवटच्या खेपेला दुरुस्ती झाली होती, पण सोमवारी पुन्हा एकदा वर जाऊन बघणार म्हणून दादा कुलूप तसंच ठेवून घरी आला. रविवारी सकाळी चहा पिता पिता गेला... किल्ली सदऱ्याच्या खिशातच होती.

माळावर सगळ्या चक्क्या फिरत होत्या, एकच उभी. तिच्याजवळून जाताना माणसं आवाज खाली करत होती. या खोळंब्याबद्दल दादाने सगळ्यांना फैलावर घेतलं असतं, मलासुद्धा. पण ते कुलूप काढणं म्हणजे तो वर नाही हे माझ्या हाताने कबूल करणं होतं, आणि मला ते नको होतं.

आत जाऊन मी हाक मारली, "दादा..."

वरून दोन ठोके आले.

"उन्हानं लोखंड ताणतंय," पाटील म्हणाले. आभाळ गच्च भरलेलं होतं. दुसऱ्या हाकेला काही नाही. तिसरीनंतर मी बराच वेळ थांबले आणि मग किल्ली फिरवली. थोड्या वेळाने पाती हलू लागली. पाटलांनी डोळे पुसले, मला मात्र रडू आलं नाही.

तेव्हापासून ते कुलूप आमच्या दारामागच्या खुंटीला आहे, उघडंच. घरात मी एकटीच असते. परवा दुपारी शाळेत शिकवून आले, तर ते लागलेलं होतं. मी माडीच्या जिन्याखाली उभी राहून तीनदा हाक मारली. काही ऐकू आलं नाही. किल्ली कपाटातच आहे, पण मी ती काढलेली नाही.