मिरच्यांचा ठसका

सायकल शर्यतीसाठी आमचा रस्ता सकाळपासून दोरी लावून बंद केला होता. शेजारच्या सुमनकाकूंचा नवरा पलीकडच्या दवाखान्यात उपाशी, आणि काकू डबा घेऊन दोरीपाशी उभ्या.

"शर्यत संपल्यावर जा," हवालदार म्हणाला.

काकू मागे फिरल्या. घरी आल्या, अंगणात चूल पेटवली आणि मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या. वारा रस्त्याकडेच होता. माणसांना अडवणारी दोरी ठसक्याला अडवत नाही, हे मला तेव्हा उमगलं. राग गिळायची सवय लागलेल्या आमच्या गल्लीत पहिल्यांदाच कुणीतरी तो भाजत होतं.

सायकलवाले खोकत आले. हवालदार डोळे चोळत खाली बसला.

"काकू, पुरे आता," म्हणायला मी उठले खरी, पण जाताना आमच्या घरातल्या मिरच्याही घेऊन गेले.