खंडेनवमीची साफसफाई

आमच्या बिरुदेवला स्वच्छतेचं भारी वेड. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं पुसून पुजायची, तर हा गडी कॉम्प्युटरच्या पोटातही झाडू मारणार. मी शेजारचाच माग पुसत होतो. त्याला अडवलं नाही, याचा आजही स्वतःवर राग येतो.

सोलापुरातल्या आमच्या चादरीच्या कारखान्यात सात नंबरचा माग लिनक्सच्या कॉम्प्युटरवर चाले. नक्षीची फाईल मागाला समजावणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम अक्कलकोटच्या ईरप्पा मास्तरांनी स्वतः लिहिलेला. मास्तर दोन वर्षांपूर्वी वारले. मालकांनी तेव्हाच बजावलं होतं, हा माग बंद पडला की भंगारात जाणार.

यंदा मालकांनी वायफायचं यंत्र आणलं आणि जुना कर्नल ते ओळखेना. कर्नल म्हणजे कॉम्प्युटर आणि यंत्रांमधला मुकादम. बिरुदेवनं नव्या कर्नलचं तयार पॅकेज उतरवून बसवलं, वायफाय लागलं. माग मात्र चालवून पाहिला नाही, कारण पूजेला मांडलेलं यंत्र आमच्यात दसरा होईपर्यंत चालवत नाहीत. मग त्यानं जुना कर्नल काढला. पडद्यावर सूचना आली, की त्याचा फोल्डर रिकामा नाही म्हणून तेवढा ठेवलाय.

"ऱ्हायलाय कचरा," म्हणत पठ्ठ्यानं तोही हातानं पुसला आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्यानंतर सात नंबर हलला नाही. बिरुदेवनं जुन्या कर्नलचं पॅकेज पुन्हा शोधून बसवलं. जुना मुकादम दहा मिनिटांत परत आला, पण मास्तरांचा ड्रायव्हर कुठल्याच पॅकेजात नव्हता. तो त्या पुसलेल्या फोल्डरात होता. पुसलेलं परत मिळतंय का बघायला डिस्क पुण्याला पाठवली, तिथूनही नकारच आला. मालकांनी भंगारचा टेम्पो सांगितला.

शेवटी आम्ही दोघं मास्तरांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, चन्नम्मा अक्कांनी, चहा ठेवला.

"मास्तरांचा कॉम्प्युटर हाय का, अक्का?" बिरुदेवनं विचारलं. त्यात ड्रायव्हरची प्रत असेल, अशी आशा होती.

"गेल्या दिवाळीला दिऊन टाकला की तम्मा. जागा अडत हुती." धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणतात.

बिरुदेवनं कप खाली ठेवला. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

"त्यांचा सात नंबर चालतोय न्हवं?" अक्कांनी विचारलं. "तेवडंच त्यांचं ऱ्हायलंय."

"व्हय अक्का, चालतोय की," मी बोलून गेलो.

"मग पुढच्या खेपंला त्याच्यावरची एक चादर आना. अंगावर घीन म्हनते."

"आनतो," बिरुदेव म्हणाला.