दोन्ही दिवे

शंकासूर हे नाव त्याला धाकट्या भावानेच ठेवलं आणि अख्ख्या गल्लीने उचलून धरलं. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हा बाबा दुकानाचं कुलूप तीनदा ओढून बघायचा आणि वर भावाला विचारायचा, "तू उघडलं नाहीस ना?"

त्या दिवशी गिऱ्हाईक आलं तेही शेरास सव्वाशेर. गणिताच्या एका मास्तरांची बायको. मास्तर वारले होते. जन्मभर रचलेली त्यांची कोडी एका मोठ्या फ्लॉपीवर होती, दुसरी प्रत कुठेच नाही. छापणाऱ्याला हवी होती छोटी फ्लॉपी. पण बाई आपली फ्लॉपी हातची सोडतील तर शपथ!

"आधी सांगा, करणार काय?"

"एकाच चपट्या केबलवर दोन ड्राइव्ह जोडतो. मोठ्यातून वाचायचं, छोट्यात लिहायचं. ज्याचं काम चालू, त्याचाच दिवा लागतो."

त्याने जोडलं, रद्दीतल्या फ्लॉप्या घालून तपासलं. झकास चाललं. मशीन बंद करून तो हात धुवायला गेला. परत येतो तर भाऊ टेबलाशी उभा! झालं, डोक्यात किडा वळवळला.

"केबलला हात लावलास?"

"नाही रे दादा, पेचकस घ्यायला आलो होतो."

"म्हणे पेचकस!" त्याने बोर्डावरची केबल उपटली आणि स्वतःच्या हाताने पुन्हा खोचली. मशीन सुरू केलं. "द्या बाई."

बाईंनी फ्लॉपी पाकिटातून अर्धी काढली आणि थबकल्या. "अहो, दोन्ही दिवे कसे लागलेत? विझतही नाहीयेत."

तुम्हाला काय कळतंय, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बघितलं आणि त्याने झटकन मशीन बंद केलं. चष्मा लावून तो वाकला. केबलची लाल कड भलत्याच बाजूला होती. फ्लॉपी आत गेली असती, तर मास्तरांची कोडी पुसून जायची! आणि ही उलटी खोचली कोणी? ज्या एका हाताचा त्याला जन्मात कधी संशय आला नव्हता, त्या हाताने.

त्याने केबल सुलट लावली. मशीन मात्र सुरू करवेना.

"अरे," त्याने भावाला हाक मारली, "जरा बघ रे, बरोबर लावलीय का."

तीस वर्षांत भावाने हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. तो दादाच्या तोंडाकडे बघतच राहिला. "दादा, बरं वाटतंय ना तुला?"

मग त्याने केबलवरून बोट फिरवलं. "बरोबर आहे."

बाईंनी आता कुठे फ्लॉपी सोडली, तीही भावाच्या हातात. शंकासुराने बाजूला सरकून भावाला जागा करून दिली.